तोफेचं तोंड गावाकडे

ता. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुझा भाऊ गोत्यात आला आहे. पर्यटन कार्यालयाला अचानक सत्याचा उमाळा आलाय. बंदर दाखवणाऱ्या आम्हा सगळ्या गाईडांची वीस तारखेला तोंडी परीक्षा आहे. पाहुण्यांना जे सांगतो ते खरं असल्याचं समितीला पटवून द्यायचं. नाही पटलं तर छातीवरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवायचा. बावीस वर्षं हा बिल्ला लावतोय. तो गेला तर मला दुसरं येतं काय?

आता तुझ्यापासून काय लपवायचं! मनोऱ्यावरचं घड्याळ दहा मिनिटं मागे आहे, कारण ते बसवणाऱ्याची बायको कुठेही उशिराच पोचायची, असं मी सांगतो. जकातघराचा उंबरा मधोमध झिजलाय, तो तिथे लाच घ्यायला बसणाऱ्या अधिकाऱ्याच्या बुडाने. आणि धक्क्यावरची तोफ! तिचं तोंड समुद्राकडे असायचं ते गावाकडे आहे, कारण लग्न मोडलेल्या गोलंदाजाने ती होऊ घातलेल्या सासऱ्याच्या घरावर रोखली. या गोष्टीला नव्या नवऱ्या डोळे पुसतात गं.

तू तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलास. खरं काय ते लिहून पाठव.

भावजींना नमस्कार. लोभ आहेच, तो निदान वीस तारखेपर्यंत आटू देऊ नये.

तुझा,
धाकटा

&nbsp;

ता. ६ फेब्रुवारी

चि. थापाड्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून हसावं की कपाळावर हात मारावा ते कळेना. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही तुझी जुनीच खोड. लहानपणी पाढे म्हणतानासुद्धा अडलास की मध्येच गाणं सुरू करायचास.

घड्याळ मागे पडतं, कारण समुद्रपक्षी त्याच्या मोठ्या काट्यावर बसतात. आपण शाळेत जाताना रोज बघायचो, विसरलास? जकातघराचा उंबरा पिंपं लोटून लोटून झिजलाय, कुणाच्या बुडाने नव्हे. दीपगृहाविषयी काय फेकतोस ते तू लिहिलं नाहीस, पण काहीतरी असणारच, तेही बंद कर. हे सगळं वहीत उतरवून पाठ कर.

तुझे भावजी मात्र म्हणाले की अधिकाऱ्याची गोष्ट तेवढी राहू द्यावी, ती खरी नसली तरी खोटी वाटत नाही. त्यांच्या नादी लागू नकोस. माझा गुडघा बरा आहे. स्वेटर घालत जा.

आशीर्वाद आहेतच, त्यांच्या जोडीला थोडा अभ्यासही असावा.

तुझी,
ताई

&nbsp;

ता. १० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. घड्याळ झालं, उंबरा झाला, स्वेटरही झाला. तोफेवर चकार शब्द नाही! माझ्या पत्रातल्या चुकलेल्या वेलांटीवरही बोलणारी माझी ताई तोफ विसरेल?

म्हणून बंदराच्या जुन्या नोंदी उघडल्या. धक्का रुंद केला तेव्हा तोफ क्रेनने उचलून हलवली होती. वर्ष माझ्या जन्माचं. ताई, तेव्हा मोठ्या क्रेनवर आपले बाबाच होते ना? बाबांनी ती उलटी ठेवली का? तसं असेल तर समितीपुढे बाबांचं नाव कसं घेऊ? आणि नाही घेतलं तर बिल्ला जाणार. काय ते लवकर कळव.

तुझा,
अडकलेला

&nbsp;

ता. १४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझे भावजी बाहेर गेलेत, म्हणून लिहायला बसले. खाई त्याला खवखवे, तसं माझं झालं.

बाबांचं नाव घेऊ नकोस. ती तोफ मी फिरवली.

तू दहा दिवसांचा होतास. आई अंथरुणावर, म्हणून बाबांचा डबा घेऊन मी गेले. मी नऊ वर्षांची. बाबा वर क्रेनच्या खोलीत, तोफ हवेत लटकलेली आणि खाली इशारे द्यायला आपले बावटेकाका, हातात हिरवा नि लाल बावटा. मला उशीर झाला होता. बाबांचं लक्ष जावं म्हणून मी गावाकडच्या फाटकाशी उभी राहून डब्याचा रुमाल सोडला आणि जोरजोरात हलवला. रुमाल हिरवा होता रे. तोफ वळत वळत माझ्याकडे तोंड करून खाली बसली.

साहेबांना बाबांनी सांगितलं की माझाच हात चुकला. पुढे वर्षभर ते क्रेनवर नव्हते, गोदामाच्या दारावर होते. मला ते कधी एका शब्दाने बोलले नाहीत आणि मीही कबूल केलं नाही. आणि तुला मात्र थाप मारलीस म्हणून अंगठे धरून उभं करायची! फार लाज वाटते.

समितीला हे पत्र दाखव. दोष द्यायचा तर मला देऊ दे.

तुझी,
ताई

&nbsp;

ता. २१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बिल्ला छातीवरच आहे. आता बसून वाच.

तुझं पत्र घेऊन मी बावटेकाकांकडे गेलो. त्यांना आता अजिबात ऐकू येत नाही, म्हणून पत्रच हातात दिलं. वाचून ते इतके हसले की कवळी हातात आली. मग म्हणाले की बाबांची काडीचीही फसगत झाली नव्हती. काकांनी इशारा समुद्राकडचाच दिला होता. बाबांनी वरून तुला उड्या मारताना पाहिलं, हसले आणि तोफ तुझ्याकडे वळवली. माणसं म्हणाली, उलटी झाली, फिरवा. बाबा म्हणाले, माझी पोर जिकडे उभी आहे तिकडे तोफ बघतेय, राहू दे.

गोदामही बाबांनी मागून घेतलं होतं. आई अशक्त होती आणि तिथली पाळी लवकर सुटायची. पुढे निवृत्त होईपर्यंत ते येईल त्याला तोफ दाखवून सांगायचे, ही आमच्या पोरीची. फक्त तुला सांगितलं नाही, आणि तुझ्या कानावर जाईल म्हणून मलाही नाही, कारण साहेबांची मुलगी तुझ्या वर्गात होती आणि तुझ्या पोटात काही राहत नाही असं बाबांचं ठाम मत होतं!

ताई, अठ्ठेचाळीस वर्षं तू ते पोटात ठेवलंस. मला रडू आलं, तिथेच, काकांसमोर.

परीक्षेला काका साक्षीला आले आणि सगळं ओरडून सांगितलं. समितीच्या बाईंनी चष्मा पुसला. सासऱ्याची गोष्ट मात्र बंद करायला लावली, तेव्हा कानाला खडा. आज सकाळी नवी गोष्ट सांगितली, तर सगळे पाहुणे फाटकाशी जाऊन हात हलवत उभे राहिले.

तू ये. गुडघ्याची सबब चालणार नाही. लोभ आता समोरासमोर मोजून घेऊ.

तुझा,
खरं बोलणारा भाऊ

ता. क. येताना हिरवा रुमाल तेवढा आणू नकोस. तोफ जड आहे, आणि आता वळवायला बाबा नाहीत.