तेंदू गोदामाची नवी भिंत पेटवून पाहण्याबाबत

प्रति,
मा. तहसीलदार,
तहसील कार्यालय, धानोरा

अर्जदार : गिरजा देवराव दुमाने, रा. कोसमटोला

विषय : चौकीदाराच्या खोलीत माणसे राहायला जाण्यापूर्वी भिंतीची आगीने परीक्षा घेण्याबाबत.
संदर्भ : मागील मे महिन्यातील आग व गेल्या सोमवारची मारहाण.

महोदय,

सविनय सादर की, अर्जदाराचे पती देवराव हे गावच्या तेंदूपान गोदामाचे चौकीदार होते. गोदाम व त्यांची खोली यांच्यामध्ये विटांची भिंत मंजूर होती. ठेकेदार भैयाजी यांनी दोन पत्र्यांत थर्माकोल भरलेली भिंत उभी केली. अर्जदाराने विचारले असता ते हसून म्हणाले, "बाई, काऊन भेऊन राह्यली? हे फायरप्रूफ आहे. आगीलेच चटका बसन."

मे महिन्यात जंगलातला वणवा गोदामात शिरला. देवराव तापाने खोलीत झोपले होते. अर्जदार हातपंपावरून धावत आली तेव्हा थर्माकोल वितळून जळत जळत खाली गळत होता. आतून देवराव ओरडत होते, "गिरजे, दरवाजा कुठी आहे वं?" आवाजाच्या रोखाने आत शिरून अर्जदाराने त्यांचा हात ओढला. हाताची कातडी तिच्या मुठीत आली, माणूस आतच राहिला. मग पाय धरून बाहेर काढले. गडचिरोलीच्या वाटेवर त्यांचा जीव गेला.

आता तोच ठेकेदार तशीच भिंत उभारत आहे. खोलीत नवा चौकीदार लटारू व त्याची बायको रंभा राहणार आहेत. रंभा गरोदर आहे. सोमवारी अर्जदाराने लोखंडी सब्बल (पहार) मारून भिंत फोडली, तेव्हा पुन्हा थर्माकोलच निघाला. ठेकेदाराने तिचे केस धरून तिला गिट्टीवर आपटले. तिने उठून सब्बलीने त्यांचे मनगट मोडले. "मेलो, मेलो!" असे ते ओरडले. "नाई मरत. मरनं कसं असते थे मी पाह्यलं आहे," असे अर्जदार म्हणाली. हे तिने पोलिसांना स्वतः सांगितले आहे. हा अर्ज माफीचा समजू नये.

विनंती अशी की, आपण समक्ष हजर राहून भिंतीच्या एका बाजूस तेंदूपानांची पोती पेटवावीत व दुसऱ्या बाजूस ठेकेदारास बाजेवर झोपवावे. दरवाजा उघडा ठेवण्यास अर्जदाराची हरकत नाही. ते तयार नसल्यास अर्जदार स्वतः झोपेल. हे कायद्यात बसत नसेल, तर विटांची भिंत बांधण्याचा आदेश द्यावा.

तोवर रंभा अर्जदाराच्या घरी आहे. काल लटारू तिला न्यायला आला. नोकरी जाईल म्हणून त्याने तिचा हात ओढला. रंभा जागची हलली नाही. अर्जदाराला काही बोलावे लागले नाही.

भिंतीचा निकाल लागेपर्यंत,
आपली नम्र,
गिरजा देवराव दुमाने
दि. १७/०२/२०२५