फौजदाराचा फोटो

३ नोव्हेंबर, सोमवार
माझ्या आरामखुर्चीवर आज पुन्हा परकीय सत्ता. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने पायरीवर बसून चहा प्यावा आणि खुर्चीत फौजदार नावाच्या बोक्याने पोट वर करून झोपावे, याची नोंद कुठेतरी व्हायला हवी. म्हणून ही.

संध्याकाळी
बायकोच्या, म्हणजे अस्मिताच्या, होमस्टेची दिवाळी रिकामी गेली. नाताळही तसाच गेला तर खोल्यांना कुलूप, म्हणाली. शेवटचा उपाय म्हणून तिने कुडाळचा यतीन फोटोग्राफर ठरवलाय. मागच्या पाहुण्यांनी इंटरनेटवर लिहिले होते, 'खोल्या ठीक, बोका अप्रतिम.' (त्यांच्या बॅगा मी उचलल्या होत्या. असो.) त्यामुळे फोटोत बोका हवाच. त्याला तयार करायचे मी स्वतःहून अंगावर घेतले. दहावी ब सांभाळणाऱ्याला बोका काय जड?

४ नोव्हेंबर
यतीन रविवारी नाहीतर सोमवारी येऊ शकतो. अस्मिता म्हणते रविवार. मी देवळात कौल लावला. रविवार विचारला, डावी पाकळी पडली, म्हणजे नकार. सोमवार विचारला, उजवी, होकार. विषय संपला. अस्मिता म्हणाली, अहो पण सोमवारी... बोलू दिले नाही. देवाने दिलेल्या तारखेवर चर्चा नको.

५ नोव्हेंबर
आंघोळ. कोमट पाणी, शिकेकाई. पाच मिनिटांत पूर्ण. माझी. शेजारची सुगंधा, मासे विकते, कुंपणाच्या गडग्यावरून बघत होती. म्हणाली, मास्तरानू, कोण कोणाक न्हाणयता?
मी ओरखड्यांवर टिंक्चर लावत होतो.

७ नोव्हेंबर
शोध लागला! बांगडा दिसला की फौजदार पुतळा होतो. कान ताठ, शेपूट पायांभोवती, नजर थेट बांगड्यावर. बांगडा कॅमेऱ्याच्या शेजारी धरला की झाले. शिक्षण खात्याने दखल घ्यावी.

९ नोव्हेंबर
रंगीत तालीम निर्दोष. आनंदाच्या भरात शेवटचा बांगडा त्यालाच दिला.

१० नोव्हेंबर, सोमवार, सकाळी
यतीन आला. दिवे, पांढरी छत्री, सगळा थाट. फौजदार खुर्चीत. मी म्हणालो, बांगडा आण. अस्मिता म्हणाली, आज सोमवार. या घरात सोमवारी माशाचा काटासुद्धा येत नाही, नियम तुमचाच. तेच सांगत होते मंगळवारी.
वांगे धरून पाहिले. फौजदाराने ज्या नजरेने माझ्याकडे पाहिले, तसे दहावी 'ब'सुद्धा पाहत नाही.
दहीभात दाखवला. गडगा ओलांडून पसार.

दुपारी
सापडला. सुगंधाच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, सुके बांगडे वाळत होते आणि हा त्यांच्या मधोमध, पुतळा. मी ओरडलो, अरे आज सोमवार! सुगंधा म्हणाली, माजराक खंयचो सोमवार, मास्तरानू? ह्यो रोज हयच जेवता. आमी तेका बाळो म्हणतव.
'बाळो' ऐकताच त्याने मान वळवली. चार वर्षांत 'फौजदार'ला मिशीही हलली नव्हती.
यतीनने तिथेच फोटो काढले. छत्री मी धरली. फौजदारसाहेबांनी मधल्या वेळेत बरेच बांगडे संपवले. मी हाकलायला गेलो तर सुगंधाच म्हणाली, खावंदे, फोटो बरो येवंदे.

१६ नोव्हेंबर
बुकिंग आले! पुण्याचे कुटुंब, नाताळाचे पाच दिवस, दोन्ही खोल्या. माझी पद्धत मुळात बरोबरच होती. त्यांची अट एकच: तो बोका आणि ते अंगण. अस्मिताने किती दिवसांनी गाणे गुणगुणले. मग म्हणाली, जा आता, सुगंधाला विचारून या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
गेलो. आपलाच बोका दुसऱ्याकडे कसा मागायचा, याची वाक्ये वाटेत जुळवली. एकही कामी आले नाही. पाहुणे इथे आले तर चालेल का, एवढेच विचारले. सुगंधा म्हणाली, इचारतास कित्याक? येवंदे. बाळो हयच आसा.
तो होताच. माझ्याकडे बघितले नाही.
सुक्या बांगड्यांचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. पाटीतले ताजे घेतले. तिने भाव सांगितला, मी तेवढेच दिले. नेहमीची घासाघीस केली नाही.
ती हातातल्या पैशांकडे बघत राहिली. मग म्हणाली, मास्तरानू, तब्येत बरी आसा मां?
बरी आहे, म्हणालो.