तारेच्या आतला किनारा

शुक्रवार, ३ मार्च १९७८. अराद

किनाऱ्यावर लोखंडी खांब येऊन पडलेत. आमच्या कंपनीच्या कॉलनीमागे, थेट पाण्यापर्यंत खुणा केल्यात. इथल्या गावातली झोहरा म्हणाली, "ये क्या, मंगला? समुंदर को जेल?" मी हसले. ती हसली नाही.

दोन वर्षं आम्ही दोघी शुक्रवारी त्याच खडकांवर गळ टाकून बसतो. मी हौसेनं – वेंगुर्ल्याची सवय, आखातात येऊनही सुटली नाही. तिची मात्र त्यावर चूल. नवरा दम्यानं घरी बसलेला. गावातली कितीतरी घरं या पाण्यावर जेवतात. तिच्या आजीच्याही आधीपासून. कुणी कुणाला विचारत नाही. मोकळा खडक दिसला की बसायचं.

"मी बोलते ह्यांच्याशी," म्हणाले. किती सहज म्हणाले.

शनिवार, ४ मार्च

जेवताना विषय काढला. किनारा काय कंपनीच्या बापाचा आहे? – असंच म्हटलं. तावात होते.

ह्यांचा घास हातातच राहिला. "अगं, तूच नाही का म्हणालीस? परके पुरुष जवळ येऊन बसतात, टक लावून बघतात. मी साहेबांच्या कानावर घातलं. तुझ्यासाठीच तर."

म्हणाले होते. डिसेंबरात. एकच माणूस, एकच दिवस – आणि तोही माझ्याकडे नाही, माझ्या टोपलीतल्या मासळीकडे बघत होता. बोलण्याच्या भरात 'नेहमी' म्हणून गेले.

सोमवार, ६ मार्च

झोहरा भाजीच्या दुकानात भेटली. "बोली?"

"बोली. कंपनी मानती नहीं."

तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. माझंच सांत्वन केलं!

शुक्रवार, १७ मार्च

तार लागली. प्रत्येक घराला फाटकाची किल्ली मिळाली. मी पहारेकऱ्याला सांगून ठेवलं आणि झोहराला आत बोलावलं. आपण केवढं मोठं काम करतोय असं वाटत होतं.

ती बाहेरच थांबली. "तुम छुट्टी पे इंडिया जाएगा, फिर कौन खोलेगा?"

मी फाटक आणखी उघडलं.

"मंगला, मैं तेरे घर नहीं आता. मैं समुंदर पे आता."

आणि गेली. मी आत बसून राहिले. मासे खूप लागले. लागणारच. दुसरं होतं कोण धरायला?

शनिवार, १८ मार्च

शेजारची उल्का म्हणाली, "काय मंगलाताई, आता स्वतःचा समुद्र! शेजाऱ्यांना विसरू नका हं."

दोन साफी मासे पाठवून दिले. विसरले नाही हे दाखवायला.

गुरुवार, ६ एप्रिल

झोहरा आज पहिल्यांदा आमच्या दारात आली. पाणी दिलं, ते घेतलं नाही.

गावानं तक्रार केली आहे. सरकारी माणूस येऊन कॉलनीत चौकशी करणार – कुंपणाआधी इथे लोक मासे धरत होते का? धरत होते असं ठरलं, तर पाण्यापर्यंत वाट मोकळी सोडावी लागेल. नाहीतर खलास.

"हम बोलेगा तो वो बोलेगा, झूठ. तुम अंदर का है. तुम बोलो."

"बोलूँगी, इंशाल्ला."

"इंशाल्ला तो सब बोलता. पक्का बोलो."

"पक्का."

ती गेली आणि मग माझ्या लक्षात आलं. मी हो म्हटलं, की पुढचा प्रश्न येणार – मग कुंपण मागितलं कुणी? तेही कदाचित झोहराच्या देखत. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तुला काय योग्य वाटेल ते सांग. माझ्या नोकरीचं काही होत नाही." हे असं म्हणाले नसते तर बरं झालं असतं.

शुक्रवार, ७ एप्रिल

गळ बाहेर काढलाच नाही.

मंगळवार, ११ एप्रिल

माणूस आला. पोरसवदा, नम्र. चपला दाराबाहेर काढल्या. एकच प्रश्न विचारला. कुंपणाआधी इथे कोण मासे धरायचं?

मी म्हणाले, कोणी नाही.

हे ऑफिसात होते. झोहरा आली नव्हती. कुंपण कुणी मागितलं, हे त्यानं विचारलंच नाही.