रफीकुल साहेबांचं भांडवल

४ जानेवारी १९९४

नव्या वर्षाचे संकल्प. चार दिवस उशिरा, पण पक्के. रोज डायरी. रोज इंग्लिश पेपर मोठ्यानं वाचणे. स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही अजिबात नाही.

मिल दिवाळीपासून बंद आहे. बंद म्हणजे बंद नाही, ‘तात्पुरती स्थगित’. नोटिशीवर तसंच छापलंय. मॅनेजमेंट म्हणते, महिनाअखेरपर्यंत सही करा आणि हिशेब घेऊन जा, नाहीतर कोर्टात भेटू. शेजारचे दौलतराव, आमच्याच खात्यातले जॉबर, सही करायला निघालेत. मी त्यांना समजावलं की मी साळखात्याचा, म्हणजे विणाईचा, सुपरवायझर आहे, मीच सही केली तर मागांवरच्या लोकांनी कुणाकडे बघायचं? ते म्हणाले, “भिया, मागांवर माणूसच कुठाय?”

माझी बायको उषा हल्ली बड्या गणपतीजवळच्या एका रेडीमेडच्या कारखान्यात जाते. तिचं मन रमावं म्हणून मी परवानगी दिलीय. पगार आणते, तो घरातच लागतो.

६ जानेवारी

जबरदस्त बातमी! मॅनेजर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बांगलादेशातून एक पार्टी येतेय, आपले लूम्स बघायला. इंग्लिश बोलणारा माणूस सोबत पाहिजे. पूर्ण मिलमध्ये मीच निघालो.

परदेशी पार्टी. म्हणजे उदारीकरण. म्हणजे भांडवल. मिल चालू होणार, हे आता लहान पोरसुद्धा सांगेल.

दौलतरावांना सांगितलं. ते विचारतात, बघायला येताहेत की उचलायला? निगेटिव्ह माणूस.

८ जानेवारी

रफीकुल साहेब आले. बांगलादेशातल्या खुलन्याचे. हिंदी बोलतात, पण मी इंग्लिशच चालू ठेवलं. किरकोळ अंगाचे, मफलर, जुना कोट. खरा पैसेवाला असाच साधा असतो.

खात्यात फिरवलं. सगळे माग धुळीत उभे. त्यांनी एका मागावर हात फिरवला, मग पुन्हा फिरवला. माल आवडला असावा. मग प्रश्न सुरू. लूम्सबद्दल कमी, माणसांबद्दल जास्त. रजा किती? विमा आहे? आजारी पडलं तर पगार मिळतो? इन्व्हेस्टर असे बारकाईनंच विचारतो.

मी सगळी उत्तरं थोडी वाढवून दिली. देशाच्या इज्जतीचा सवाल होता. कॅन्टीनमध्ये रोज गोड मिळायचं, असंही बोलून गेलो.

९ जानेवारी

साहेबांना पोहे-जलेबी खाऊ घातली. मग मी माझे प्रश्न काढले, सहज म्हणून. तिकडे वीव्हिंग मास्टरला काय मिळतं? म्हणाले, सहा हजार! वर क्वार्टर, आणि क्वार्टरमध्ये पंखा. नदी समोरच. ढाक्यात तर नवे गारमेंटचे कारखाने निघालेत, हजारो बाया कामाला जातात. सुटी शुक्रवारी. ओव्हरटाइम? “As per need.” किती छान सिस्टिम आहे. आपल्याकडे सगळं नियमात अडकतं.

माझ्या लक्षात आलं. हा माणूस मिल घेवो न घेवो, मला घेणार. नाहीतर पगार कशाला सांगेल?

उषाला सांगितलं. ती पेटीकोटांना नाड्या ओवत होती. वर न बघता म्हणाली, “सहा हजार काय?”

टका.

“टका रुपयापेक्षा मोठा की लहान?”

हा प्रश्न मी उद्या घेणार आहे.

१० जानेवारी

लहान आहे. पण तिकडे तांदूळ स्वस्त असणार.

११ जानेवारी

तिकडच्या आयुष्याची तयारी म्हणून मासळी आणली. आमच्या घरी मटण चालतं, पण काट्यांची सवय नाही. एक घशात अडकला. दौलतराव धावत आले, भाताचे गोळे गिळायला लावले, पाठीत असे गुद्दे मारले की काट्यापेक्षा पाठ जास्त दुखतेय. म्हणाले, “परदेशात गुद्दे कोण मारेल, दिवाकरराव?”

त्यांनी सही केली आज. मला समजवायचं होतं, पण घसा दुखत होता.

१२ जानेवारी

साहेब म्हणाले, विम्याचा दवाखाना दाखवा. अभिमानानं नेलं. कामगाराचं बायको-पोरांसकट सगळं फुकट, ऑपरेशनसुद्धा, असं मी सांगत होतो. ते दारात उभे राहून आत जाणाऱ्या बायका बघत होते. विचारलं, “बीवी का भी?” म्हटलं, बीवीचं तर आधी.

जोशात मी खोकल्याचं औषध मागायला खिडकीवर गेलो. खिडकीतला माणूस माझं कार्ड बघून ओरडला, “ये तो बंद हो गया, बाऊजी! आपकी मिल पैसा भर ही नहीं रही!” रांगेतले सगळे वळून बघायला लागले.

रफीकुल साहेब भिंतीवरचं कुटुंबनियोजनाचं पोस्टर वाचण्यात गर्क होते. हिंदी वाचता येत नाही त्यांना. बरं झालं, ऐकलं नसावं.

बाहेर आल्यावर त्यांनी आपल्या कोटातून खोकल्याची गोळी काढून दिली. त्यांनाही माझ्यासारखाच खोकला आहे. कापसाच्या धंद्यात असतोच तो. दोघंही खोकत सवारीच्या टेम्पोची वाट बघत उभे होतो.

१४ जानेवारी, संक्रांत

साहेबांना घरी जेवायला बोलावलं. माझी योजना अशी होती: गूळपोळी झाली की नोकरीचा विषय मी काढायचा.

विषय उषानंच काढला. सरळ विचारलं, “भाईसाब, वो औरतें ओवरटाइम के बाद घर कैसे जाती हैं?”

साहेबांचा हात थांबला. म्हणाले, चालत. घोळक्यानं. त्यांची बायकोही त्यातच आहे, ढाक्यात, एका खोलीत आणखी पाच जणींबरोबर. कामाच्या वेळी कारखान्याला बाहेरून कुलूप लावतात. मागच्या पावसाळ्यात बाळंतपण बिघडलं, रजा मिळाली नाही. मूल गेलं. आता बरी आहे, कामावर जाते.

उषानं विचारलं, आणि तुम्ही खुलन्याला?

ते हसले. म्हणाले, आमची मिलही बंद आहे. सरकारी होती. सहा हजार कधीकाळी मॅनेजरला मिळायचे. मी मास्टर होतो. लूम ओळखता येतात, म्हणून एका भंगारवाल्या शेठनं जाण्यायेण्याचं भाडं देऊन पाठवलंय. कोणते चालतील आणि कोणते वितळवायचे, एवढंच सांगायचंय.

मग हात धुऊन माझ्यासमोर बसले आणि दोन्ही हात जोडले. “दिवाकर साहेब, आपकी मिल चालू हो तो मुझे बुला लीजिए। मास्टर नहीं तो जॉबर। यहाँ बीमा है, छुट्टी है। बीवी को ले आऊँगा।”

उषा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, “देखते हैं। मैं बात करूँगा।”

खरंच असं म्हणालो मी.

१५ जानेवारी

सकाळपासून विचार करतोय. इन्व्हेस्टर लोक कधीकधी परीक्षा घेतात असं वाचलंय. उषाला बोलून दाखवलं. ती म्हणाली, “अहो, तो माणूस रडत होता.”

१८ जानेवारी

साहेबांना स्टेशनवर सोडलं. उषानं तिळाचे लाडू दिले होते, बायकोसाठी. गाडी हलेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. “भूलिएगा नहीं।” मी खिडकीबरोबर थोडं चाललो. सांगायला पाहिजे होतं की माझ्या हातात काही नाही. तोंडातून निघालं, “चिंता मत कीजिए।”

माग निवडून झालेत. बहुतेक सगळे वितळवायचे.

२४ जानेवारी

ट्रक आले. मी बघायला जाणार नव्हतो. गेलो. घणानं तोडत होते. मी मुकादमाला म्हटलं की तिसऱ्या रांगेतला माग चांगला आहे, तो तरी असा तोडू नका. त्यानं विचारलं, आप कौन? मी सांगितलं. तो म्हणाला, “अच्छा। ज़रा हट जाइए, लग जाएगी।”

हटलो.

३१ जानेवारी

सही केली. शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासात. म्हणजे लढून केली. पैसे कधी मिळतील ते कुणी सांगत नाही.

३ फेब्रुवारी

उषानं तिच्या शेठकडे शब्द टाकला. मला वाटलं ऑफिसात काही असेल, एक्स्पोर्टचं वगैरे. मी इंग्लिशमध्ये रजेचे, विम्याचे नियम विचारले. शेठ गोंधळले, म्हणाले, “ये सब उषाजी से पूछ लो, फ्लोर वही देखती हैं।”

हे मला माहीत नव्हतं. इतके महिने ती तिथं काय करते, मी कधी विचारलंच नाही.

उषानं मला कोपऱ्यातल्या टेबलाशी नेलं. शिवून आलेल्या कपड्यांचे लोंबते धागे कापायचे. आजूबाजूला सगळ्या बाया. त्यांना म्हणाली, “ये नए आए हैं। हाथ धीमा है, सीख जाएँगे।” नवरा आहे हे नंतर सांगितलं.

दिवसभर उभं राहायचं. दुपारी दोन कपडे कात्रीनं फाटले. उषाजींनी ते बाकीच्यांना दिसायच्या आत बाजूला ठेवले.

पाय सुजलेत. उद्या लवकर निघायचंय. उषाजींना उशीर चालत नाही.