देवी आमच्याकडे पाळीच्या आधी येते

ता. पारनेर, श्रावण १९९४

ती. सीमाताईस,

जयमालाचा नमस्कार. (वाकून केला असता, पण कंबर धरली आहे, उभ्यानेच घे.) तुझा दवाखाना, रात्रपाळ्या आणि दाजींचं पित्त, सगळं ठीक असावं. आम्ही मजेत. फक्त माझी देवी झाली आहे.

पाळी जवळ आली की माझं डोकं फिरतं, हे तुला ठाऊकच आहे (लहानपणी तुझी वेणी कुणी ओढली?). आखाडात आमटीत मीठ कमी म्हणून आमच्या ह्यांनी तोंड वाकडं केलं, आणि मी पातेलं अंगणात भिरकावलं. केस सुटलेले, अंग थरथरतंय. सासूबाई धावत आल्या, त्यांनी माझ्या कपाळी मळवट भरला आणि पायच धरले. आता पाया पडणाऱ्या सासूला नुसता राग आलाय असं कोणत्या तोंडाने सांगणार? मी गप्प बसले. तिथेच चुकलं.

पुढच्या खेपेला मी ताट आपटायचा अवकाश, शेजारची रंगुबाई हरवलेली शेळी विचारायला हजर. मी खेकसले, "तुज्याच कडब्यामागं आसंल, डोळं उघडून बघ की!" शेळी तिथेच निघाली. तेव्हापासून आमच्या ओट्यावर नारळ येतात. (हे नागापूरच्या कारखान्यातून आले की खोबरं खातात आणि माझ्यापासून लांब बसतात.)

अडचण अशी की देवी गेली रे गेली की मला कावळा शिवतो, आणि काल पाया पडलेली माणसं मला देवघराकडे फिरकू देत नाहीत. शेवटी नगरच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, हे पाळीआधीचं दुखणं, पुष्कळ बायकांना होतं. चहा-मीठ कमी करा, झोप पुरी घ्या, चालत जा, घरच्यांना आधी सांगून ठेवा. चालणं विहिरीपर्यंत होतंच. सांगणं तेवढं राहिलंय.

तुझी,
जयमाला

ता. क. तू नर्स आहेस, तुझं ऐकतील. लवकर ये आणि ही देवी नाही, दुखणं आहे, हे सासूबाईंना समजाव. मला जन्मभर लोकांच्या शेळ्या शोधायच्या नाहीत.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालायच्या आत पुन्हा देवी आली. सासूबाईंनी मला निजवलं, पाणी स्वतः भरलं, आणि पाय चेपताना हळूच म्हणाल्या, "माजंबी आसंच हुयाचं. पन मला कुनी मळवट न्हाई भरला, हातात घागर दिली. पड गप." म्हणजे बाईंना पहिल्यापासून सगळं कळत होतं! ताई, मला रडूच आलं. तेव्हा दुखण्याला एवढी सुट्टी मिळवून देणार असशील तरच ये. नाहीतर राहू दे देवीला.