मुलाकडची पहिली खुर्ची

१९ डिसेंबर
दुकानातून, दुपारी

ती. ताई,

धाकटीचा नमस्कार. भाऊजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जिना चढून फुशारकी मारण्याचं वय गेलं आता. मी ठीक आहे. म्हणजे जेवते, झोपते, वेळेवर दुकान उघडते. परवा तुझा फोन आला तेव्हा गिऱ्हाईक आलंय म्हणून मी ठेवून दिला. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. बोलायला काही सुचेना, म्हणून आता लिहितेय.

वर्षअखेरच्या सुट्ट्या तोंडावर आल्या की लोकांना जुन्या वस्तूंचा भारी पुळका येतो. एरवी ज्या चांदीच्या ट्रेकडे कुणी ढुंकून पाहत नाही, तो आता दोन बायकांना एकदमच हवा असतो. घरी पाहुणे येणार, टेबल सजणार, म्हणून सोनेरी कडांचे पेले, मेणबत्त्यांचे उंच पितळी स्टँड, नक्षीचे काटे-चमचे. भेट द्यायला ब्रोच नाहीतर मोत्याची कानातली. काल एकीने सासूसाठी ब्रोच घेतला, विंचवाच्या आकाराचा. "अगदी शोभेल त्यांना," म्हणाली. आत चांदी घासत बसलेले आपले पॉलिशवाले काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले असेन.

माल एवढा आला की खाली जागा पुरेना. मग वर मागच्या खोलीत खोकी लावली. पोरीचा पलंग उभा करून भिंतीला टेकवला. खोकी छान मावली.

आणि तो निळ्या वेलबुट्टीचा टी-सेट विकला. बबडीने कुठल्याशा मोडीच्या ढिगाऱ्यातून शोधून आणलेला. "आई, याला हात लावायचा नाही हं, हा माझ्या घरी जाणार," असं बजावून तिने वरच्या फळीवर ठेवला होता. एका बाईंकडे पार्टी होती, त्यांच्या मनात भरला. मी एकेक कप कागदात गुंडाळायला लागले तसे काका म्हणाले, "बाई, अहो, तो तर पोरीचा..."

"धूळच खात होता," मी म्हटलं.

काकांनी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि चहाला म्हणून बाहेर गेले. मला वाटलं, बाई सेट घेऊन निघाल्या की मला काहीतरी होईल. काही झालं नाही. मी पुढच्या गिऱ्हाइकाला पेले दाखवले.

तू दर फोनला विचारतेस, "रडलीस का गं?" नाही, ताई. लेक गेली तेव्हा नाही, वर्षश्राद्धाला नाही, आताही नाही. बसून बसून पाय बधिर झाला की तो आपण हाताने उचलून दुसरीकडे ठेवतो ना, तसं मी स्वतःला सकाळी उचलून दुकानात आणून ठेवते. पायाला निदान मुंग्या तरी येतात.

पण लिहायला बसले ते हे सांगायला नाही. मंगळवारी लांबडा आला होता.

होय, तोच, बबडीचा लांबडा. दोघांचं लग्न तोंडावर आलं होतं आणि साध्या तापाचं निमित्त होऊन पोर हातची गेली, तेव्हा दवाखान्याच्या बाकड्यावर गुडघे हनुवटीशी घेऊन बसलेला तो तुला आठवत असेल. त्यानंतर तो मला भेटला नाही, मीही बोलावलं नाही. दोघांनी एकमेकांना बघून करायचं काय होतं?

सवयीने वाकून आत आला, तरी चौकट कपाळाला लागलीच. मागे एक मुलगी. ठेंगणी, गोल चेहऱ्याची. शाळेत चित्रकला शिकवते. नखांत रंग होता.

"काकू," तो म्हणाला, "अंगठी घ्यायची होती. दुसऱ्या दुकानांच्या पायरीपर्यंत जाऊन आलो. तुमच्या नकळत घ्यायला मन धजेना."

आणि मी काय म्हणावं? "बसा. सोन्यात दाखवू की चांदीत?"

मी ट्रे काढला. मुलीने हिरव्या खड्याची एक बारीकशी अंगठी उचलली. जुनीच, आतून झिजलेली. मी तिच्या बोटाचं माप घेतलं.

"ही आधी कुणीतरी घातली असेल ना?" तिने विचारलं.

"जुन्याचं दुकान आहे, बाळ. इथलं सगळंच आधी कुणाचं तरी."

"मला चालतं, आधी कुणाचं असलेलं," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिने जीभच चावली. लांबडा खाली फरशीकडे बघायला लागला. मला हसू आलं, ताई. खोटं नव्हतं, पण ओठांच्या आत गेलं नाही.

अंगठी डबीत घालत होते तेवढ्यात ती म्हणाली, "अजून एक विचारायचंय. याच्याकडून पहिल्या रांगेत बसायला कुणीच नाही. लहानपणापासून वसतिगृहातच वाढलाय. तुम्ही बसाल का? आईच्या जागी?"

"अगं, हे इथे काय..." तो कानापर्यंत लाल झाला.

"मग कुठे विचारणार होतास? वर्षभर नुसतं 'विचारतो, विचारतो' म्हणतोयस."

डबीचं झाकण माझ्या हातून लागेना. आत बसलेले काका उठले, माझ्या हातातून डबी घेतली, झाकण लावून मुलीला दिली आणि परत जाऊन बसले.

मी विचारलं, "तारीख कोणती?"

त्यांनी तो होकार धरला. होता की काय, मला ठाऊक नाही. मुलगी रिक्षा थांबवायला बाहेर गेली तसा तो मागे रेंगाळला. "काकू, रागवा ना माझ्यावर. काहीतरी बोला."

"येत नाहीये रे राग," मी म्हटलं. "मी वाट बघतेय त्याची."

तर तो चौकटीला डोकं टेकून रडायलाच लागला. एवढा मोठा माणूस. हुंदके देऊन. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, काचेवरची धूळ झटकावी तसा. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

लग्न दोन तारखेला आहे, सकाळी. अगदी लहानसं, कचेरीत सह्या आणि मग जेवण. तुझ्याकडे सुट्टीला यायचं म्हणतेस, ते या वेळी जमणार नाही. उलट तूच ये. शेजारची खुर्ची मी तुझ्यासाठी सांगून ठेवली आहे, तुला न विचारता. भाऊजींनाही आण, काठी घेऊन.

एकाच गोष्टीची धास्ती वाटते. सह्यांच्या वेळी तिथले साहेब पुकारतात म्हणे, "मुलाची आई कुठे आहे?" मला आता कुणी आई म्हणत नाही, ताई. मला म्हणताहेत हे माझ्या लक्षातच आलं नाही तर? मी ओ दिली नाही तर कोपराने ढोस. चारचौघांचा विचार करू नकोस, जोरात ढोस. मला लागलं पाहिजे.

वाट बघतेय.

तुझी
धाकटी