मेरिनची बॅग आणि कुराबिलातलं घर

मी डोरेल ॲन पास्क, माहेरची किटो, वय त्रेपन्न, राहणार पंपहाउस रस्ता, कुराबिला, पश्चिम क्वीन्सलँड. माझं डोकं ठिकाणावर आहे. त्यातली एक रक्तवाहिनी फुगली आहे असं डॉक्टर म्हणतात, पण ती विचारांच्या आड येत नाही. सोमवारी ती दुरुस्त करायला मला टूवूम्बाच्या इस्पितळात नेणार आहेत. परत आले तर हा कागद चुलीत घालीन. नाही आले तर खाली लिहिलंय तसंच करायचं. "तिला असं म्हणायचं नसेल" असं नंतर कोणी म्हणू नये. मला असंच म्हणायचं आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. ज्याचं होतं तो दहा वर्षांपूर्वीच या घरातून गेला.

शाळा आठवीत सुटली, म्हणून लिहिण्यात चुका असतील. त्या चुकांचे वेगळे अर्थ काढायला वकील लावू नये.

१. आमच्या गोल्फच्या मैदानाची देखभाल करणारी नोरीन टार्लो हिने माझ्या मागे सगळं मार्गी लावावं. ती तोंडाळ आहे, चोर नाही. गाडीमागे ओढायची कॅरॅव्हॅन तिलाच द्यायची. छत गळतं, तिला माहीत आहे.

कॅरॅव्हॅन तिला का, हे लिहून ठेवते, कारण गावात लोक भलतंच सांगतात. २००९च्या हिवाळी हंगामात त्या कॅरॅव्हॅनमध्ये मी, माझा नवरा लिंडन आणि आमची नऊ वर्षांची मुलगी मेरिन असे राहत होतो. लिंडन पैशासाठी गोल्फ खेळायचा. टीव्हीवर दिसतं ते गोल्फ नव्हे. पश्चिमेकडची धुळीची गावं, दर आठवड्याला एक स्पर्धा, जिंकलं तर टायरचा खर्च सुटायचा. हंगामात जो पहिला येईल त्या एकट्याला मोठ्या टूरवर, टीव्हीवर दाखवतात त्या स्पर्धांत, जागा. त्या एका जागेपायी धडधाकट बाप्ये एकमेकांच्या नरडीला टपलेले असायचे. मी लिंडनची कॅडी. त्याची बॅग वाहायची, काठ्या पुसायच्या, आणि चेंडू चुकला की तो माझ्यामुळेच चुकला हे ऐकून घ्यायचं.

तालरू गावी होल हातभर अंतरावर असताना त्याचा चेंडू चुकला. संध्याकाळी ती काठी त्याने माझ्या हातावर मोडली. मग काठी मोडली म्हणून वेगळं मारलं. बिडगेरीला आम्ही ज्यांच्या अंगणात कॅरॅव्हॅन लावून उतरलो होतो त्यांच्या न्हाणीघरात त्याने माझं कपाळ बेसिनवर आपटलं. तोंड पुसून मी जेवायला येऊन बसले. घरच्या बाईने माझ्या कपाळाकडे बघितलं आणि म्हणाली, "अजून थोडे बटाटे घे गं." टूरवर हीच रीत होती. खेळाडू ज्यांच्या घरी उतरायचा, त्यांना काही ऐकू यायचं नाही आणि काही दिसायचं नाही. निघताना त्या बाईने वाटेत खायला काचेच्या वाडग्यात पुडिंग दिलं होतं. वाडगा अजून माझ्याकडे आहे. तो बिडगेरीला परत पाठवावा. धुवायची गरज नाही.

२. बँकेत जे काही असेल ते फेतू लाउपेपा, आपिया, सामोआ, याला. तो घेणार नाही म्हणेल. त्याचं ऐकू नये.

त्या हंगामात फेतू सगळ्यांच्या पुढे होता. शेवटची स्पर्धा आमच्या कुराबिलालाच होती, आणि तिथे लिंडन जिंकला आणि फेतू घसरला तरच ती जागा लिंडनला. आमच्याकडे पाणी नाही, म्हणून होलभोवती गवत नसतं, तेल मारलेली काळी वाळू असते. आपलं खेळून झालं की लोखंडी फळीने वाळू ओढून पावलं पुसायची, बाजूला व्हायचं, मग मागच्याने मारायचं. चौदाव्या होलवर फेतू वाकून वाळू ओढत होता. मी लिंडनला म्हटलं, ते अजून तिथेच आहेत. तो म्हणाला, "दिसतंय मला." आणि मारलं.

चेंडू माणसांकडे निघाला की मारणाऱ्याने "फोर!" अशी आरोळी ठोकायची, आणि ऐकणाऱ्याने वळायचं नाही, डोकं हातांत घेऊन खाली बसायचं. शेंबड्या पोरालाही हे येतं. लिंडनने तोंड उघडलं नाही. चेंडू हवेत असताना मी ओरडले. त्या टूरवर आरोळी नेहमी बाप्याची. बाईचा आवाज आला तेव्हा फेतूला वाटलं, कोणी हाक मारतंय. तो वळला. डावा डोळा गेला. मी पोचले तेव्हा तो वाळूत गुडघ्यांवर होता आणि त्याच्या बोटांतून जे गळत होतं ते नुसतं रक्त नव्हतं.

पंचांपुढे लिंडन म्हणाला, आरोळी दिली होती, विचारा हिला. कॅडी कधी आपल्या खेळाडूविरुद्ध बोलत नाही, हीसुद्धा रीतच. मी म्हटलं, "आरोळी मी दिली. याने बघितलं, थांबला, नेम धरला आणि मारलं."

पुढे जे झालं ते गाड्या लावतात तिथे झालं. बॅगेतली सगळ्यांत लांब काठी काढून त्याने पहिला फटका माझ्या जबड्यावर मारला. दुसरा कानावर. मी खाली पडल्यावरचे मोजले नाहीत. गावातली निम्मी माणसं हातात बिअर घेऊन उभी होती. मेरिन आमच्या गाडीत होती, काच वर करून. नोरीन मैदानावरून वाळूची लोखंडी फळी घेऊन आली आणि लिंडनच्या गुडघ्यावर घातली. तो कोसळल्यावर पुन्हा त्याच गुडघ्यावर. गुडघ्याचा आवाज मला ऐकू आला, तेव्हा एकच कान चालत होता तरी. मग ती म्हणाली, "आता बस इथे."

कोर्टाने नोरीनला सहा महिने आत टाकलं. लिंडनला दंड आणि समज. का, तर माझा जबडा तारेने जुळणारा होता आणि त्याचा पाय कायमचा अधू झाला. ती सुटून आली तेव्हा तिच्या जागी दुसरा माणूस लावला होता. दोन वर्षं तिने कत्तलखान्यात आतडी धुतली, मग कुठे मैदानावर परत घेतलं. म्हणून कॅरॅव्हॅन.

३. ती लांब काठी पोलिसांनी मला परत दिली. खरेदी माझ्या नावावर होती म्हणे. जबडाही माझाच होता, त्याबद्दल कोणी काही परत दिलं नाही. नोरीनने काठीचे तुकडे करून कचऱ्याच्या खड्ड्यात टाकावेत. कोणाला आठवण म्हणून देऊ नये.

४. लिंडन पास्कला काही नाही. मी विसरले म्हणून नव्हे. अंत्यविधीला त्याने येऊ नये. आलाच तर नोरीनला तिच्या मनासारखं करू द्यावं, फक्त या खेपेला कोणी पोलिसांना बोलवू नये.

५. पंपहाउस रस्त्यावरचं घर, आतलं सामान, पाण्याची टाकी आणि म्हातारा कुत्रा माझी मुलगी मेरिन हिला. मेरिन एकोणीस वर्षांची आहे, आणि जूनपासून याच टूरवर खेळणार आहे, आता पोरींनाही घेतात. लिंडनने तिला फोन करून सांगितलं की तुझी बॅग मी उचलतो, आणि ही हो म्हणाली. तेव्हा घर तिला एकाच अटीवर मिळेल. लिंडनने तिची बॅग एकदा जरी खांद्यावर घेतली, तरी घर विकून सगळे पैसे फेतूला द्यावेत.

(ही अट मीच खोडली आहे. वाचता येईल अशी खोडली आहे. का खोडली ते पुढे.)

इथवर लिहिलं आणि मेरिन सराव करून आली. टेबलावरून कागद उचलून उभ्या उभ्या वाचला. म्हणाली, "म्हणजे त्याने बॅगेला हात लावला की माझं घर गेलं."

"तू लावू देऊ नकोस."

"आई, मी कुठे राहायचं ते अजून त्यानेच ठरवायचं का? तू मेल्यावरसुद्धा? किल्ली त्याच्याच हातात दिलीस की तू."

मी विचारलं, तो मेला तुला बरोबर कशाला हवाय. आधी म्हणाली, त्याला ही मैदानं पाठ आहेत, वाळू कुठे ओढ घेते ते कळतं. मी म्हटलं, मला शिकवू नकोस, त्याच्याबरोबर ती मैदानं मीच तुडवलीत. मग खरं बोलली.

"त्याने माझ्यामागे चालावं. तो पाय ओढत, माझं ओझं घेऊन, या सगळ्या गावांतून. सगळ्यांनी बघावं. आणि एकदा, एकदाच त्याने मला उलट बोलावं."

"आणि हात उचलला तर?"

"बॅगेत चौदा काठ्या असतात, आई. मी आता नऊ वर्षांची नाही."

हे ती कुत्र्याला पाणी घालताना बोलली. भांड्यातलं पाणी हललंसुद्धा नाही. माझाच हात उठला. कागदावर खोटं कशाला लिहू, तिला मारायलाच उठला. ती मागे सरली नाही. डोळे मिटले नाहीत. नुसती माझ्या हाताकडे बघत राहिली, कुठून येतोय ते बघावं तशी. हात मी खाली घेतला. इतकी वर्षं मला भीती होती की तो हिला मारील. ती भीती गेली. हिला सहा महिन्यांत सोडणार नाहीत, एवढं मला कळतं.

नोरीन तेवढ्यात आली. मी तिला सगळं सांगितलं. ती मेरिनला म्हणाली, "पोरी, दोन फटके घालायला काही लागत नाही. नंतर मात्र आतडी धुवायची. वास जात नाही." मेरिन हसली नाही, पण खाली बसली. हे चांगलं की वाईट, मला ठाऊक नाही.

६. म्हणून आता शेवटचं, हेच धरावं. घर मेरिनचं. अट नाही. बॅग कोणाला द्यायची ते तिने ठरवावं, मी अडवत नाही.

लिंडनजवळ मी बारा वर्षं राहिले ती माया होती म्हणून नव्हे. हे घर तेव्हा त्याच्या नावावर होतं. फरपटत बाहेर काढायचा आणि म्हणायचा, जा कुठे जायचं ते. आणि मी पायरीवर बसून राहायचे, तो दार उघडेपर्यंत. वेगळं होताना वाटणीत ते माझ्या नावावर झालं तेव्हा माझ्या तोंडात तारा होत्या. मेरिनच्या नावावर ते आजपासूनच असल्यासारखं तिने वागावं. तिने कुठल्याही गावात, कुठल्याही होलवर, चेंडू तसाच ठेवून, बॅग त्याच्या पायाशी टाकून निघून यावं. त्याने मारायच्या आधी यावं, आणि तिने मारायच्याही आधी. स्पर्धा गेली तर जाऊ दे. कुलूप नवीन लावलंय, किल्ली एकच केली आहे, ती मी तिला आज दिली. तिने खिशात टाकली. 

वर लिहिलेलं मी स्वतः लिहिलं, पुन्हा वाचलं, आणि खाडाखोड केली तिथे बाजूला सही केली आहे.

डोरेल ॲन पास्क

आम्ही दोघांनी एकत्र हजर राहून, तिला आमच्यासमोर सही करताना बघितलं:
विन्स्टन ओडगर्स, खाटीक, कुराबिला
हेस्टर ब्लॅमी, टपाल कार्यालय, कुराबिला

(नोरीनला साक्षीदार व्हायचं होतं. ज्याला काही मिळणार असतं त्याची सही चालत नाही असं हेस्टरने सांगितलं, म्हणून ती रागावून ओट्यावर बसली आहे.)

कुराबिला, शनिवार, ११ मे २०१९